जीन मिथायलेशन आणि ब्रेस्ट कॅन्सरचे प्रकार

जीन मिथायलेशन म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जीन बंद करायची पेशीची पद्धत. डीएनएत ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं असतात, त्यातल्या सी ला एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटासा मिथाइल गट येऊन चिकटतो, तोही बहुतेक वेळा जिथे सी च्या लगेच पुढे जी असतो तिथेच. जीनच्या सुरुवातीला प्रमोटर नावाचा भाग असतो, तिथे हे गट दाटीने बसले की पेशी तो जीन वाचतच नाही. सातबारा एकदम क्लिअर पण शेतात जायचा रस्ताच बंद, तसं काहीसं. हे शरीरात रोजच चालतं, एकाच डीएनएतून लिव्हरची पेशी वेगळी आणि मेंदूची वेगळी घडते त्यात याचा मोठा वाटा आहे, गडबड होते ती नको तो जीन बंद पडला की.

ब्रेस्ट कॅन्सर हा एकच आजार नाही, हे मात्र आधी नीट समजून घ्यायला हवं. गाठीचा तुकडा तपासल्यावर रिपोर्टमध्ये तीन ओळी असतात, ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन पकडणारी पेशीतली प्रथिनं) आणि हर-टू (पेशीची वाढ वाढवणारं प्रथिन), आणि पुढची बरीचशी ट्रीटमेंट त्या तीन ओळींवर ठरते. 2000 साली गाठींमध्ये कुठले जीन चालू आणि कुठले बंद आहेत ते बघून शास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले, आज ल्युमिनल ए, ल्युमिनल बी, हर-टू आणि बेसल अशी नावं चालतात ती त्यातूनच आली. तिन्ही ओळी निगेटिव्ह आल्या तर तो ट्रिपल निगेटिव्ह, तो बराचसा बेसल गटातच मोडतो, आणि त्यावर हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. भारतात या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतं आणि तो तुलनेने कमी वयातही होतो, म्हणून हा विषय आपल्याकडे जास्त बोलला जायला हवा.

मिथायलेशनचा आणि ट्रिपल निगेटिव्हचा सगळ्यात पक्का धागा बीआरसीए-वन या जीनशी आहे. तो 17 व्या क्रोमोसोमवर आहे हे अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवलं, 1994 मध्ये जीन हाती लागला. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते नीट जोडायचं काम तो करतो. आईकडून किंवा वडिलांकडून त्यात म्युटेशन, म्हणजे अक्षरांतली चूक, आलं असेल तर होणारा कॅन्सर बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्ह निघतो. पण म्युटेशन अजिबात नसलेल्या बायकांच्या गाठीतही हा जीन बंद सापडतो, अक्षरं सगळी बरोबर आणि प्रमोटरवर मात्र मिथायलेशन.

ही खूण गाठीतच नाही तर काही निरोगी बायकांच्या रक्तातही, थोड्याच पांढऱ्या पेशींमध्ये, असते, साधारण वीसात एकीच्या. नॉर्वेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या बायकांच्या आरोग्यावरच्या मोठ्या अभ्यासात जपून ठेवलेलं रक्त तपासलं, ते रक्त घेतलं तेव्हा या बायकांना कॅन्सर नव्हता, आणि 2022 मध्ये निष्कर्ष आला की ज्यांच्या रक्तात ही खूण होती त्यांना पुढे ट्रिपल निगेटिव्ह होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता, ओव्हरीच्या एका आक्रमक कॅन्सरचा सुद्धा जवळपास दुप्पट. म्हणजे खूण आधी आणि आजार कित्येक वर्षांनी. नुकत्याच जन्मलेल्या मुलींच्या नाळेच्या रक्तातही ती मिळालीय, त्यामुळे गर्भात अगदी सुरुवातीलाच काही पेशींवर हे घडत असावं असं मानतात, आणि म्हणूनच "माझं काय चुकलं, मी काय खाल्लं" असं स्वतःला विचारत बसलेल्या बाईला हे कुणीतरी नक्की सांगायला हवं. दुप्पट हा आकडा ऐकून धडकी भरते, पण मुळात ट्रिपल निगेटिव्ह थोड्याच बायकांना होतो, त्याच्या दुप्पट म्हणजेही थोड्याच, खूण असलेल्या बहुतेक जणींना तो कधीच होत नाही.

बाकीच्या प्रकारांचं चित्र वेगळं आहे. गाठींच्या डीएनएचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासच्या 2012 च्या कामात ल्युमिनल बी गाठींमध्ये जास्तीचं मिथायलेशन भरपूर दिसलं तर बेसलमध्ये एकूण सगळ्यात कमी, म्हणजे एकूण किती यापेक्षा कुठल्या जीनवर, हे महत्त्वाचं.

लॅबमध्ये हे ओळखायला डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन टाकतात, मोकळा सी त्याने यू या वेगळ्याच अक्षरात बदलतो आणि मिथाइल चिकटलेला सी तसाच राहतो, मग वाचताना दोघांतला फरक सरळ दिसतो.

ट्रीटमेंटमध्ये मात्र म्युटेशन आणि मिथायलेशन एकच धरून चालत नाही. ब्रिटनमधल्या टीएनटी ट्रायलमध्ये (2018) जन्मजात म्युटेशन असलेल्यांना केमोच्या दोन औषधांपैकी डोसिटॅक्सेलपेक्षा कार्बोप्लॅटिनचा स्पष्ट जास्त फायदा झाला, नुसतं मिथायलेशन असलेल्यांना तसा झाला नाही. एक कारण असं सांगतात की मिथायलेशन पुसलं जाऊ शकतं, केमो चालू असताना गाठ ते टाकून देते आणि जीन परत चालू होतो.

नेहमीची बीआरसीए टेस्ट, रक्तावरची असो की लाळेवरची, फक्त अक्षरं वाचते. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ जन्मजात म्युटेशन मिळालं नाही एवढाच, मिथायलेशनबद्दल तो काहीच सांगत नाही.