एअरब्रशचा हवेचा दाब

विमाने, रणगाडे, मोटारी, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगवताना एअरब्रशला, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या छोट्या हत्याराला, ज्या दाबाने हवा दिली जाते तो दाब. मोजमाप पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड जोर पडतो त्यात. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कारखान्यांतली सवय ‘किलो’ची, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो जोर पडतो त्याची. १ किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय आणि १ बार म्हणजे १४.५, एवढे ध्यानात ठेवले की गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीवर, काहीही लिहिलेले असो, काम अडत नाही.

प्रतिकृतींचे बहुतेक रंगकाम १० ते ३० पीएसआयमध्ये उरकते. मोटारसायकलच्या टायरमधली हवा साधारण ३०च्या आसपास असते. मॉडेलच्या पंखावर रंग मारायला त्याच्या निम्मी पुरते. ०.३ मिलिमीटरच्या नोझलने ॲक्रिलिक रंगाचे सर्वसाधारण थर द्यायला १५ ते २०, जाड प्रायमरला (रंगाआधीच्या अस्तराला) २० ते २५, आणि बारीक रेघा किंवा छटा मारायला ८ ते १२. रंगाचा कप वर असेल तर तो वजनाने आपोआप खाली उतरतो, म्हणून कमी दाब चालतो. बाटली खाली लटकत असेल तर रंग वर ओढावा लागतो, तिथे थोडा वाढवावा.

हे आकडे मात्र रंग किती पातळ केला आहे ते कळल्याशिवाय निरुपयोगी आहेत. ब्रशच्या टोकाशी नोझलमधल्या सुईभोवतीच्या फटीतून हवा वेगाने निघते, तिथे दाब उतरतो, रंग ओढला जातो आणि त्याचे बारीक थेंब होतात. रंग दाट असेल तर थेंब फोडायला जास्त हवा लागते. तोच रंग दुधासारखा पातळ केला की थोडीही पुरते. कपाच्या भिंतीवर चढवलेला रंग खाली ओघळून मागे एक पुसट थर राहिला, तर पातळपणा जमला असे समजावे. नवखी मंडळी रंग अडला की थिनरच्या बाटलीऐवजी रेग्युलेटरच्या, म्हणजे दाब कमीजास्त करणाऱ्या, नॉबकडे हात नेतात, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

दाब चुकला की पृष्ठभागच सांगतो. हवा जास्त आणि ब्रश लांब असेल तर थेंब वाटेतच सुकतात. बोट फिरवले की खडूच्या भुकटीसारखे खरखरीत लागते. हवा जास्त, रंग पातळ आणि ब्रश जवळ असेल, तर ओला रंग चहूकडे ढकलला जाऊन कोळ्याच्या पायांसारख्या रेघा पसरतात. हवा कमी पडली तर थेंब मोठे, ठिपक्याठिपक्यांचे. आणि रंगही दाट असला तर थर संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. १:७२ प्रमाणातल्या मिग-२१ विमानाचे दोन्ही पंख मिळून जेमतेम १० सेंटिमीटर भरतात. तिथे दोन रंगांच्या सीमेवरची धूसर कड मिलिमीटरभरच हवी, म्हणून ब्रश जवळ न्यावा लागतो आणि दाब आपोआप खाली आणावा लागतो.

दाब लावताना ट्रिगर दाबलेला असावा. हवा बंद असताना गेज २० दाखवतो, ट्रिगर दाबताच काटा १५-१६वर येतो. कामाचा आकडा हा दुसरा. चाचणीला कागद नको, तो रंग पितो आणि सगळे छान दिसते. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चमचा त्याहून खरा. फवारा चालू ठेवून नॉब हळूहळू कमी करत न्यावा, ठिपके उडू लागले की २-३ पीएसआय वाढवून थांबावे.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ही पाणी टिपण्याची कसरत असते. दाबलेली हवा गरम असते, पाइपमधून जाताना निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. पांढऱ्या थरावर अचानक एक पाण्याचा थेंब टपकला की सगळा पंख पुन्हा घासावा लागतो. त्यामुळे पाणी पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून नव्हे, पाइपच्या ब्रशकडील टोकाला बसवणे बरे, आणि टाकीखालचा कॉक रोज उघडावा. एप्रिल-मेच्या उन्हात तक्रार उलटी: ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकते. तेव्हा दाब न वाढवता रंग आणखी पातळ करून दाब एक-दोनने उतरवावा.

शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कॅम्पमधल्या कुंभार मंडळींकडे गणपतीच्या मूर्तींवर फवाऱ्याने शेडिंग होते, आणि शहरातल्या कित्येकांनी ही गन पहिल्यांदा तिथेच पाहिलेली असते. पण मूर्ती फुटांत मोजायची, पीतांबराची छटा वीतभर रुंद, गनही मोठी. तिथली हवा मॉडेलला जशीच्या तशी दिली तर सुटे भाग टेबलावरून उडतात. गॅरेजमधला टाकीचा कॉम्प्रेसर वापरायला हरकत नाही. टाकी मोठी असल्याने हवा धकधक न करता एकसारखी येते, हा उलट फायदाच. अडचण गेजची. ० ते १० किलोच्या तबकडीवर मॉडेलचे सगळे काम पहिल्या दोन किलोंत संपते, काटा जागचा हललाय की नाही तेच कळत नाही. टाकीनंतर ० ते ४ किलोच्या गेजचा छोटा रेग्युलेटर वेगळा जोडला की दोनचार पीएसआयचा फरक डोळ्यांना दिसतो.