हजार दिवसांचा आकडा आला कुठून

सप्टेंबरात पोषण महिना आला की वाळवा-कराडपासून जतपर्यंत ‘पहिले हजार दिवस’ हे शब्द कानावर पडतात. हिशेब सोपा आहे: पोटातले २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०. या आकड्याला मेंदूचं चित्र मात्र नंतर चिकटलं.

अंगणवाडी हा शब्द मूळ डहाणूकडचा, बोर्डी-कोसबाडच्या बालशिक्षणातला. १९७५च्या २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ प्रकल्पांत सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा काळजी कुपोषणाची आणि बालमृत्यूंची होती. मेंदूबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं.

प्रयोगशाळेत मात्र तो विषय तापला होता. १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लाचा एक डोळा पहिले काही आठवडे शिवून ठेवला. पुढे तो उघडला तरी मेंदू त्या डोळ्याला जवळपास ओळखेना. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ झाकला, तर काही बिघडत नव्हतं. १९८१ साली या कामाला नोबेल मिळालं आणि ‘वेळ गेली की गेली’ ही कल्पना सगळीकडे पसरली. पण ती गोष्ट डोळ्याची होती. भाषेची खिडकी, म्हणजे ती सहज शिकता येण्याचा काळ, बरीच लांबते. रागाला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो.

मग दोन वर्षांची रेघ आली कुठून? मुख्यतः खाण्यातून. १९६९ ते १९७७ या काळात ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत एक अभ्यास झाला. दोन गावांत प्रथिनांची पेज दिली, दोन गावांत नुसतं गोड पेय. दोन वर्षांच्या आत पेज मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सुमारे ४६ टक्के जास्त कमावत होते. उंचीही तीन वर्षांच्या आतच भरून येत होती. २००८नंतर जगभरच्या पोषणतज्ज्ञांनी हा काळ उचलून धरला, आणि ‘हजार दिवस’ हे नाव रूढ झालं. म्हणजे हा आकडा उंचीचा आणि वजनकाट्याचा.

मेंदूच्या बाजूचा पुरावा आला रुमानियातून. १९८९च्या सत्तांतरानंतर तिथले अनाथाश्रम जगाला दिसले. पोरांना दूध मिळे, पण उचलून घेणारं कुणी नसे. पुढे ६ ते ३१ महिन्यांच्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत पाठवलं. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांची माया जास्त जडली, मेंदूच्या लहरीही सुधारल्या. उशिरा गेलेल्यांनाही फायदा झाला, पण कमी. अंगणवाडीच्या भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रात हे शेवटचं वाक्य सहसा नसतं. ते वगळलं की अडीच वर्षांच्या पोराच्या आईच्या हाती फक्त अपराधीपणा उरतो.

आपल्याकडचा तिढा यातूनच झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला अंगणवाडीतून घरी न्यायचं पाकीट मिळतं. येऊन बसायचं, गाणी म्हणायची आणि गरम जेवायचं ते तिसऱ्या वर्षानंतर. २०२०चं शैक्षणिक धोरण म्हणतं, ८५ टक्के मेंदू सहाच्या आत घडतो. पण पायाभूत टप्पा मोजायला सुरुवात करतं तीनपासून. पाकिटात प्रथिनं असतात. बाळाशी बोलणारं माणूस पाकिटात येत नाही.

ऊसपट्ट्यात हा हिशेब आणखी बोचतो. हजार दिवस म्हणजे साधारण ३३ महिने. कारखान्याचं उसाचं गाळप नोव्हेंबर ते मार्च धरलं, तर त्यात दोन हंगाम पुरे बसतात. आईला जुलै ते ऑक्टोबरदरम्यान दिवस राहिले, तर तीन. बीडकडून आलेल्या किंवा जतमधून कृष्णाकाठी उतरलेल्या कोयत्याचं, म्हणजे ऊसतोड जोडप्याचं, बाळ ते महिने कोपीत (पाचटाच्या झोपडीत) आणि उसाच्या फडाच्या कडेला काढतं, बरेचदा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. नव्वदीत साखरशाळा निघाल्या, त्या शाळेच्या वयाच्या पोरांसाठी. आता अंगणवाडीच्या अॅपवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे. पण टोळी या शिवारातून त्या शिवारात हलते, नोंद तितक्या वेगानं हलत नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावाकडची सेविका बाळाला पुन्हा काट्यावर ठेवते, तेव्हा कार्डावरचे मधले पाच रकाने बरेचदा कोरे असतात.