एक मॅच हरला म्हणजे बाहेर? एटीपी फायनल्सचा खुलासा

नोव्हेंबर आला की टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हरला की, आता गेला घरी!" आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेल्या आपल्या माणसाला हे स्वाभाविक वाटतं. पाठ टेकली की कुस्ती संपली. विम्बल्डनलाही तसंच. पण पुरुष टेनिसच्या वर्षअखेरच्या एटीपी फायनल्स स्पर्धेला हा नियम लागू नाही, आणि चांगल्या टेनिसप्रेमींनीसुद्धा हा गैरसमज वर्षानुवर्षं पुढे चालवावा याचं मला वाईट वाटतं.

इथे वर्षभरातले अव्वल 8 खेळाडू, चार-चारांचे दोन गट. प्रत्येकाला गटात तीन सामने, आणि गटातले पहिले दोघे उपांत्य फेरीत. त्यानंतर मात्र हरला तो बाहेर.

2005 ला शांघायमध्ये डेव्हिड नालबांडियन गटात फेडररकडून हरला. अंतिम सामन्यात तोच फेडरर समोर, पहिले दोन सेटही गेले, तरी पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये नालबांडियन जिंकला. 2023 ला तुरिनमध्ये तर आणखी बारीक गंमत झाली. सिनरने गटात जोकोविचला हरवलं. मग जोकोविचचं पुढे जाणं सिनरने त्याच गटातल्या रूनला हरवण्यावर अवलंबून राहिलं! सिनरने हरवलं, आणि अंतिम सामन्यात जोकोविचने त्यालाच 6-3, 6-3 असं नमवलं.

हरल्याचा तोटा होतो, तो क्रमवारीच्या गुणांचा: गटातल्या प्रत्येक विजयाला 200 गुण असतात. अपराजित विजेत्याला एकूण 1500 मिळतात, एक सामना हरलेल्याला 1300.