मनोगत (लेखकाचे)

मनोगत म्हणजे पुस्तक का लिहिले, कुठल्या अनुभवातून सुचले आणि त्यातली माणसे कुठे भेटली, हे लेखकाने वाचकाला स्वतः सांगणे. मराठी पुस्तकात हा मजकूर बहुधा अर्पणपत्रिकेनंतर येतो. त्यावर 'मनोगत', 'दोन शब्द', 'निवेदन', 'भूमिका' किंवा 'पार्श्वभूमी' असा मथळा असतो. प्रस्तावना एखाद्या जाणत्याकडून लिहून घेण्याची रीत जुनी आहे, मनोगत मात्र लेखकाचेच असते. पुस्तकाबाहेर हेच कथन आत्मचरित्रात, पत्रव्यवहारात, दिवाळी अंकातल्या लेखात आणि प्रकट मुलाखतीत सापडते. छापील मनोगताचा बराच भाग प्रकाशक, मुखपृष्ठकार, मुद्रितशोधक आणि घरची मंडळी यांचे आभार मानण्यात जातो. त्यातून उरलेल्या चार-दोन परिच्छेदांत खरी माहिती असली तर असते.

छापखाना येण्याच्या कितीतरी आधी हा प्रकार मराठीत होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें' अशी ग्रंथाची कालनोंद आहे आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतल्याचा उल्लेख आहे. पण लेखनामागचे खासगी आयुष्य उघड करून सांगण्याचा मान तुकारामांना द्यावा लागतो. 'याति शूद्र वंश केला वेवसाव' या अभंगात ते संतांच्या प्रश्नाला उत्तर देत आहेत. बोलू नये असे वाटते, तरी तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, अशी त्यांची सुरुवात आहे. पुढचा तपशील कोरडा आणि नेमका आहे. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको 'अन्न अन्न करितां मेली', धंदा तुटीत गेला. मग देवळाची डागडुजी, कीर्तन आणि संतांची वचने पाठ करणे आले. त्यानंतर 'यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ति' हा चरण येतो. पुढे निषेधाचा आघात झाला, वह्या बुडवल्या आणि ते धरणे धरून बसले. एका अभंगात कवीच्या घडणीचा एवढा ताळेबंद नंतरच्या कितीतरी लांबलचक मनोगतांत मिळत नाही. दुसऱ्या एका अभंगात तेच तुकाराम वेगळे कारण देतात: नामदेवांनी पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात जागे केले आणि कवित्व करण्याचे काम सांगितले. एकात दुष्काळ आणि दिवाळे आहे, दुसऱ्यात स्वप्नातली आज्ञा. दोन्ही त्यांनीच सांगितले आहे, आणि दोहोंचा मेळ घालण्याची गरज त्यांना वाटलेली दिसत नाही.

विसाव्या शतकात मनोगत हे पुस्तकाचे नेहमीचे अंग झाले. वि. स. खांडेकरांनी आपल्या कादंबऱ्यांना दीर्घ प्रस्तावना जोडल्या. कल्पना कशी सुचली, मध्ये का अडली, समाजात काय चालले आहे, हे सगळे ते त्यांत सांगतात. लेखक घडतो कसा हे पाहणाऱ्याला त्या उपयोगी आहेत. मात्र कादंबरी कशी वाचावी हेही त्या आधीच ठरवून टाकतात, आणि वाचकाने त्या शेवटी वाचाव्यात हे बरे.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लेखन सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीला संपले. १९३५ साली पुस्तक निघाले. या गोष्टी लिहिताना आपले हृदय अनेकदा भरून आले, असे गुरुजींनी प्रारंभीच सांगितले आहे. पुस्तकातला श्याम मात्र आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना म्हणूनच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे आहेत. अशा बेचाळीस रात्री होतात. पाच दिवसांच्या एकटाकी लेखनाला लेखकाने बेचाळीस रात्रींच्या गप्पांचा आकार दिला. प्रास्ताविक वगळून पुस्तक वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. पुस्तकाकडे निव्वळ भाबडी आठवण म्हणून पाहणाऱ्यांनी ही रचना नजरेआड केली आहे.

स्वतःचा अनुभव किती उघड करावा, या प्रश्नाची दोन टोके बेडेकर दांपत्याच्या पुस्तकांत दिसतात. विश्राम बेडेकर युरोपातून बोटीने परतत असताना जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू त्याच बोटीवर होते. त्या प्रवासातून 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी आली. तिच्यातल्या चक्रधर आणि हेर्टा यांच्यात लेखक स्वतः किती, हा प्रश्न वाचक तेव्हापासून विचारत आले आहेत. 'एक झाड आणि दोन पक्षी' हे त्यांचे आत्मचरित्र आले ते १९८४ साली. उलट मालतीबाई बेडेकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) छापले तेच 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातले इतके उघड लिहिणारी बाई कोण, यावरून गदारोळ झाला. तेव्हा मनोगतात खरे सांगणे म्हणजे नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लावणे होते. पुढे सोलापूरला त्यांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले. 'बळी' (१९५०) ही कादंबरी त्या कामातून आली आणि तिच्यामागचा अनुभव लपवण्याचे कारण उरले नव्हते.

कादंबरीतले गाव प्रत्यक्षात कुठले, याचा शोध हा वाचकांचा आवडता उद्योग आहे आणि लेखकांनीही त्याला खतपाणी घातले आहे. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी माणदेशात शाळामास्तर होते. 'बनगरवाडी' (१९५५) मधला मास्तर तिथूनच आला. आटपाडी तालुक्यातील लेंगरेवाडी हे तिचे मूळ मानले जाते. श्री. ना. पेंडसे यांचे जन्मगाव दापोलीजवळचे मुर्डी, आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) तसेच इतर कादंबऱ्या त्याच परिसरात वावरतात. आपल्या लेखनाची जडणघडण त्यांनी 'लेखक आणि माणूस' या पुस्तकात सविस्तर सांगितली आहे.

नाटककारांच्या हकिगती तुलनेने आटोपशीर असतात. अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याचा, प्रयोग करायला पार्ल्याला निघालेली एक हौशी मंडळी विजय तेंडुलकरांना भेटली. त्यांचे आपसातले बोलणे कानावर पडले आणि त्यातून 'शांतता! कोर्ट चालू आहे' सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. महेश एलकुंचवारांना नागपुरात सिनेमाचे तिकीट मिळाले नाही, म्हणून ते तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' बघायला गेले आणि नाटक लिहायचे ठरवून परतले. असे किस्से पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत होतात. तरी त्यांत निमित्त कळते. 'शांतता!'ची नायिका लीला बेणारे हिचा शेवटचा उद्रेक कुठून आला, हे मात्र पार्ल्याच्या त्या मंडळीवरून कळत नाही.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे मनोगत दुसऱ्यांनी सांगितले. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली त्यांच्या मृत्यूनंतर छापून आली. शेतात आणि जात्यावर ती कशी रचली गेली, घरच्यांनी ती कशी टिपून ठेवली, हे वाचकांना कळले ते मुलगा सोपानदेव आणि प्रस्तावनाकार आचार्य अत्रे यांच्यामुळे.

दलित आत्मकथनांनी या सगळ्या व्यवहाराची घडी मोडली. अनुभव हाच पुस्तकाचा मजकूर असल्यावर त्यामागचा अनुभव वेगळा काय सांगायचा? दया पवारांनी 'बलुतं' (१९७८) मध्ये हा पेच रचनेनेच सोडवला. पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा असतो दया पवार. दोघे एकच आहेत. मनोगत मुखपृष्ठाजवळून उठून थेट कथनाच्या गाभ्यात आले.

तरीही काही गोष्टी आत्मकथनातही मावल्या नाहीत. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. घरचे छोटे दुकान चालवता चालवता त्या रद्दीत येणारे कागद वाचत. लिहिणे मात्र नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेआड चाले, आणि लिहिलेले वीसेक वर्षे दडवून ठेवलेले होते. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते बाहेर आले. पुस्तकात महारवाड्यातल्या बायकांना होणारी मारझोड सडेतोड सांगितली आहे, पण लेखिकेच्या स्वतःच्या संसाराबद्दल जवळजवळ काही नाही. ते वाचायला मिळते माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराला (२००८) जोडलेल्या मुलाखतीत. नवरा संशय घेई, मारत असे, हे त्यांनी तिथे सांगितले. पुस्तकात का नाही लिहिले, यावरचे त्यांचे उत्तर साधे होते: हे बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेले, आणि आपल्याला समाजाचे दुःख मांडायचे होते. मराठी पुस्तकामागची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी दोन दशकांनी आणि दुसऱ्या भाषेत छापून आली.

सांगण्याची ठिकाणे आता पुष्कळ आहेत. साहित्य संमेलनातल्या प्रकट मुलाखती आहेत, मॅजेस्टिक गप्पांसारखे लेखकांशी संवादाचे कार्यक्रम आहेत, प्रकाशन समारंभ आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या 'ललित' मासिकाने तर पुस्तके आणि लेखक यांच्याभोवतीच्या गप्पांना कायमची जागा करून दिली. व्यासपीठावर टाळ्यांचा अंदाज घेत बोलावे लागते, त्यामुळे तिथला किस्सा आणि कागदावरचे मनोगत यांना एकाच तराजूने तोलू नये.

या गर्दीपासून कटाक्षाने दूर राहिलेले लेखक म्हणजे जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहून त्यांनी सभा-समारंभ टाळले. 'काजळमाया' या कथासंग्रहाला मिळालेले साहित्य अकादमीचे पारितोषिक, पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद उठल्यावर, त्यांनी परत केले. आपल्या कथांचा अर्थ सांगायलाही ते राजी नसत. पण पत्रे ते भरभरून लिहीत. त्यांत वाचन आहे, चित्रे आहेत, बेळगाव-धारवाडची माणसे आहेत, मित्रांची थट्टा आहे. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ही निवडक पत्रे चार खंडांत प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्या कथांचे अभ्यासक आता प्रसंगांची मुळे त्या पत्रांत शोधतात.