जागतिक कॉम्प्युटर बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा

माणसांनी नाही तर बुद्धिबळाच्या प्रोग्राम्सनी एकमेकांशी खेळायची ही स्पर्धा, 1974 ला स्टॉकहोममध्ये सुरू झाली आणि 2024 पर्यंत चालली. बनवणारे लोक मात्र समोरासमोर बसायचे, म्हणजे स्क्रीनवर आलेली चाल ऑपरेटर खऱ्या पटावर खेळणार, घड्याळ दाबणार आणि समोरच्याची चाल मशीनला टाइप करून देणार.

पहिल्या वर्षी 13 प्रोग्राम होते. मॉस्कोच्या कायसाने चारही डाव जिंकून टायटल नेलं. पण कायसाचा खरा किस्सा 1977 चा, टोरांटोचा. डचेस या अमेरिकन प्रोग्रामने वजिराने शह दिला आणि कायसाने राजा हलवायचा सोडून हत्ती मध्ये घालून चक्क फुकट देऊन टाकला, बघणाऱ्यांत माजी विश्वविजेता बॉटविनिक होता, सगळ्यांना वाटलं प्रोग्राम गंडलाय. डाव हरल्यावर त्याच पोझिशनमध्ये राजा हलवून चेक केलं तेव्हा कळलं की तसं केलं असतं तर डचेस वजीर बळी देऊन थेट मात करणार होतं, जे हॉलमध्ये कोणालाच दिसलं नव्हतं! स्पर्धा मात्र चेस 4.6 ने जिंकली. 1980 ला लिंझमध्ये बेल जिंकलं, ते युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या केन थॉम्पसनचं, खास बुद्धिबळासाठी बनवलेलं हार्डवेअर. पुढे क्रे सुपरकॉम्प्युटरवरचं क्रे ब्लिट्झ दोनदा, मग 1989 ला डीप थॉट.

मोठं मशीन म्हणजे विजय, असं वाटायचा तो काळ, पण 1995 ला हाँगकाँगमध्ये आयबीएमचा डीप ब्लूचा प्रोटोटाइप साध्या पेंटियम पीसीवर चालणाऱ्या फ्रिट्झकडून हरला आणि टायटलही फ्रिट्झलाच मिळालं. दोनच वर्षांनी डीप ब्लूने कास्पारोवला हरवलं, म्हणून लोकांना तेवढंच आठवतं.

भांडणंही झाली. 2003 ला ग्राझमध्ये जॉनी विरुद्ध श्रेडर या प्रोग्राम्सच्या डावात तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार होती, जॉनीने तसं दाखवलंही, पण त्याच्या ऑपरेटरने बरोबरी क्लेम न करता डाव चालू ठेवला, श्रेडर जिंकलं आणि नंतर फ्रिट्झशी प्लेऑफ जिंकून चॅम्पियनही झालं. मग ऑपरेटरने फक्त निरोप्या असायचं की स्वतःचं डोकं चालवायचं? माझ्या मते निरोप्याच.

त्याहून मोठं प्रकरण रिब्का या प्रोग्रामचं. 2007 ते 2010 सलग चार टायटल, आणि 2011 ला आयोजक संस्था आयसीजीएने क्राफ्टी आणि फ्रूट या प्रोग्राम्सचा कोड ढापल्याचा ठपका ठेवून चारही काढून घेतली, शिवाय प्रोग्रामर वासिक राजलिखवर आजीव बंदी. यावर बुद्धिबळ प्रोग्रामिंगवाले लोक अजूनही भांडतात.

नंतर रया गेली. टीसीईसी ही बुद्धिबळ प्रोग्राम्सचीच दुसरी स्पर्धा 2010 पासून ऑनलाइन सुरू झाली, कोणाला विमानाने कुठे जायला नको, डाव घरबसल्या बघता येतात, आणि स्टॉकफिश, लीला वगैरे तगडे प्रोग्राम तिकडेच खेळतात. शेवटची स्पर्धा स्पेनमध्ये सँटियागो दे कंपोस्टेलाला झाली, आणि ती शेवटची असणार हे आयसीजीएने स्वतःच सांगितलं होतं.