तेल खाणारे जिवाणू वेगळे, पीक तगवणारे वेगळे

पीएसबीचं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट तुम्हाला नवं नाही. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं. त्यामुळे जिवाणू खत (कल्चर) म्हणजे काय, यावर वेळ घालवत नाही. (जिवाणूंना विषाणू म्हणणाऱ्यांशी वाद घालणंही सोडलंय.)

माझं डोकं उठतं ते एकाच वाक्यानं: "नाल्याचं पाणी लागलेल्या जमिनीत कल्चर सोडा, जिवाणू सगळं विष खाऊन टाकतात." अहो, विष कुठलं ते आधी सांगा.

सांडलेलं तेल असेल तर खरंच खातात. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. जिवाणू ते तोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजं धडकली, तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा वापरलेलं टेरी या संशोधन संस्थेचं 'ऑइलझॅपर' हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण याच जातकुळीचं.

कॅडमियम आणि शिसं मात्र मूलद्रव्यं आहेत. तोडायचं काय? जिवाणू फार तर त्यांचं रूप बदलतात. क्रोमियमचं उदाहरण घ्या. कातडी कमावण्याच्या धंद्यानं कानपूर, राणीपेटकडच्या जमिनी बाधल्या. तिथला सहा संयुजेचा विषारी क्रोमियम काही जिवाणू तीन संयुजेचा करतात. तो कमी विषारी आणि पाण्यात कमी विरघळणारा. पण क्रोमियम जमिनीतच राहिला, एक कणही कमी झाला नाही.

आता खरी गफलत. अशा जमिनीत कल्चर दिलं आणि पीक हिरवंगार झालं, की लोक म्हणतात, "बघा, जमीन शुद्ध झाली!" पीक का सुधारलं ते बघा. धातूंचा ताण पडला की मूळ इथिलीन तयार करतं. हो, तोच वायू, ज्यानं आढीतली केळी पिकतात. मुळाशी तो जास्त झाला की मुळाची वाढ खुंटते. काही जिवाणूंकडे एक विकर (एन्झाइम) असतं. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतो, तो एसीसी नावाचा पदार्थच ते फोडतात आणि त्यातला नायट्रोजन स्वतः वापरतात. इथिलीन घटतो, मूळ वाढत राहतं. म्हणजे झाडाला त्रास कमी जाणवला. मातीतलं कॅडमियम होतं तेवढंच आहे. उलट लांब पसरलेलं मूळ जास्त कॅडमियम उचलूही शकतं. पीएसबीचं तर कामच मुळी आम्लं सोडून बांधलेला स्फुरद मोकळा करणं. तीच आम्लं बांधलेला धातूही मोकळा करू शकतात.

म्हणून मी दोन कामं कायम वेगळी ठेवतो. धातू जमिनीतून उपसायचा असेल तर मोकळा करणारे जिवाणू आणि तो भरपूर उचलणारी झाडं. ती झाडं कापून बाहेर न्यायची, गुरांपुढे टाकायची नाहीत. खायचं पीक घ्यायचं असेल तर धातू बांधून ठेवणारे जिवाणू, आणि माती आम्लधर्मी असेल तर चुना. सामू (पीएच) वाढला की कॅडमियम मुळाला कमी मिळतं. पाकिटावर नुसतं 'प्रदूषित जमिनीसाठी' छापलेलं असेल आणि यातलं काम कुठलं ते नसेल, तर मी ते घेत नाही.

आणि हिरवेपणावर भरवसा कसला? कॅडमियमनं भरलेला भात दिसायला भातच असतो. जपानात तोयामातल्या जिन्झू नदीकाठी लोक तो वर्षानुवर्षं जेवत होते, हाडं मोडायला लागेपर्यंत.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत कॅडमियम नाही, शिसंही नाही. तेव्हा "माती तपासलीय" हे उत्तर पुरत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्या, मातीची आणि भाजीच्या जुडीचीही. तोवर नाल्याकाठी पालक नको, पालेभाज्या कॅडमियम पटकन उचलतात. झेंडू लावा, त्याला कल्चर खुशाल द्या.