तरणतलावाचं सभासदत्व आणि दिव्यांग व्यक्ती: अर्ज कसा करायचा, कागद कोणते जोडायचे, नकार आला तर कुठे जायचं

माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. फिजिओथेरपिस्टनं त्याला पाण्यातले व्यायाम सांगितले, तेव्हा आम्ही ठाण्यातल्या एका तरणतलावाच्या खिडकीवर गेलो. ‘डॉक्टरांचा दाखला आणा,’ असं सांगितलं. आणला. मग ‘काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ आणि शेवटी ‘साहेब आले की विचारून सांगतो.’ साहेबांची वाट बघण्यात तो अख्खा उन्हाळा गेला. आमच्या हातात दाखवायला एक कागद नव्हता, कारण सगळं बोलणं तोंडी झालं होतं. शिवाय आम्ही सवलत मागत होतो आणि लागणार होती सोय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की खिडकीवरचा माणूसही गोंधळतो, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते.

सवलत म्हणजे शुल्कातली सूट. ती द्यायची की नाही आणि किती, हे त्या तलावाच्या नियमांवर ठरतं. तिच्यासाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागतात. सोय म्हणजे रॅम्प, रेलिंग, बसून अंघोळ करता येईल अशी जागा, मदतनीसाला आत सोडणं, पाण्यात उतरायची व्यवस्था. हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा विषय आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. सोय मागायला ४० टक्क्यांची अट नाही. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची अडचण असेल आणि समोरच्या अडथळ्यांमुळे इतरांसारखा सहभाग घेता येत नसेल, तर माणूस या कायद्याच्या व्याख्येत बसतो. ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात असलेल्यांना ‘तुम्ही बसत नाही’ म्हणून परत पाठवतात, तेव्हा ते सवलतीचं उत्तर सोयीच्या प्रश्नाला देत असतात.

दुसरा गैरसमज असा की कायदा फक्त सरकारी इमारतींना लागू होतो. कायद्यातली ‘सार्वजनिक इमारत’ सरकारी असेल किंवा खाजगी. लोकांचा तिथे वावर हवा, एवढंच. व्याख्येत विरंगुळा आणि मनोरंजनाच्या जागांचा वेगळा उल्लेखही आहे. म्हणजे महापालिकेचा तलाव, दिवसाचं तिकीट लावणारा क्लब, हॉटेलातला स्पा, सगळे त्यात आले. सोसायटीतल्या फक्त रहिवाशांसाठीच्या तलावाचं तसं सरळ नाही. तिथे मी आधी सोसायटीच्या कमिटीला लेखी पत्र देईन.

कलम ३ प्रमाणे केवळ दिव्यांगत्वाच्या कारणानं भेदभाव करता येत नाही, आणि वाजवी सोय, म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकता करता येणारा गरजेचा बदल, नाकारणं हासुद्धा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे. याला अपवाद आहे: एखाद्या योग्य उद्देशासाठी आवश्यक तेवढंच बंधन घातलेलं असेल, तर ते चालतं. म्हणून ‘सुरक्षेसाठी नाही’ एवढं मोघम उत्तर स्वीकारू नका. कुठला धोका, तो कशानं कमी होईल आणि तसा प्रयत्न करून पाहिला का, हे लेखी मागा. कलम ३० तर खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी थेट शासनावर टाकतं.

‘अशा माणसाला पोहता येईल का?’ हा प्रश्न अजूनही विचारतात. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहले आणि सुवर्णपदक घेऊन आले. दोन्ही हात गमावलेला सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत पोहून सुवर्णपदक जिंकला. खिडकीवर वाद घालायची गरज नाही, ही दोन नावं पुरतात.

कागदपत्रं

पहिला कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक ओळखपत्र. ते नसेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार क्रमांक, नुकताच काढलेला फोटो आणि पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज भरायचा आणि जवळचं सरकारी रुग्णालय निवडायचं. पावतीची छापील प्रत घेऊन तपासणीला जायचं. जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायला विसरू नका, नाहीतर एक फेरी वाढते. २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. कार्ड येईपर्यंत अर्ज अडवून धरू नका. जुनं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा पोर्टलची पावती जोडून सोयीचा अर्ज देता येतो.

बाकी कागद सगळ्यांना लागतात तेच: आधार, पत्ता, फोटो, शुल्काची पावती, वैद्यकीय दाखला. दाखल्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ‘पोहण्यास योग्य’ एवढी एक ओळ कामाची नाही. काय चालेल आणि काय जपायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. फिट्स येत असतील तर पाण्यात शेजारी सतत कोणीतरी हवं. मज्जारज्जूला इजा असेल तर आधी पाठीच्या खालच्या भागावर, टाचांवर जखम नाही ना, हे पाहायचं. उघडी जखम घेऊन पाण्यात उतरायचं नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असेल तर त्याची सूचना लिहून घ्यायची. संवेदना गेलेल्या पायाला गरम पाणी कळत नाही, म्हणून स्पा किंवा जाकुझीसाठी दाखल्यात तापमानाचा उल्लेख हवाच. धडधाकट माणसासाठीसुद्धा ४० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा मानतात. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना तर गरम पाण्यात अशक्तपणा वाढतो, त्यांनी थंड तलावच मागावा. असा तपशीलवार दाखला हातात असला की ‘जबाबदारी कोणाची’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर कागदावर मिळतं.

हमीपत्र सगळ्या सभासदांकडून घेत असतील तर जरूर द्या. फक्त तुमच्याकडूनच वेगळं मागत असतील, तर ते कुठल्या नियमानुसार, हे लेखी विचारा. आम्ही पहिल्या वेळी मुकाट्यानं सही करून दिली होती. आता देणार नाही.

अर्जात काय मागायचं

छापील फॉर्म भरा आणि त्याला स्वतंत्र पत्र जोडा. व्यवस्थापकांच्या नावे, प्रत महापालिका आयुक्त आणि क्रीडा विभागाला. मजकूर थोडका ठेवा: ‘मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार पुढील वाजवी सोयींची मागणी करतो. कोणतीही सोय नाकारायची असल्यास कारण लेखी कळवावे.’ खाली तुमच्या गरजेच्या चार-पाच गोष्टी, नेमक्या शब्दांत. ‘दिव्यांगांसाठी सर्व सुविधा द्याव्यात’ असं लिहिलं तर कोणीच काही करत नाही. ‘गेटपासून तलावाच्या काठापर्यंत दोन पायऱ्यांवर रॅम्प’ असं लिहिलं तर इंजिनिअरला काम कळतं. उताराचं प्रमाण १:१२ आणि दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, हे आकडेही घाला.

मदतनीसाचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवा. चौदा वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन आई येते. महिलांच्या बॅचमध्ये मुलगा चालत नाही आणि पुरुषांच्या बॅचमध्ये आई. मग दोघंही बाहेर. वडील आणि मुलीचं तेच. त्यामुळे पत्रात तीन गोष्टी स्पष्ट मागा: मदतनीसाला वेगळं शुल्क न घेता आत प्रवेश, कुटुंबासाठी वापरता येईल अशी आतून कडी लागणारी कपडे बदलायची एक खोली, आणि आठवड्यातले दोन-तीन कमी गर्दीचे तास. यात पैसे जवळपास लागत नाहीत, वेळापत्रक बदलावं लागतं. माझ्या मते सगळ्यात आधी हेच व्हायला हवं.

रोजची व्हीलचेअर ओल्या फरशीवर नेऊ नका. क्लोरीननं बेअरिंग गंजतात. प्लॅस्टिकची शॉवर चेअर स्वतःची नेण्याची परवानगी पत्रातच मागून ठेवा. कर्णबधिर पोहणाऱ्यासाठी शिट्टीसोबत हाताची खूण किंवा दिवा, दृष्टिहीन व्यक्तीसाठी लेनच्या टोकाला थोपटून इशारा करणारा सोबती, असंही प्रत्येकानं आपापल्या गरजेप्रमाणे लिहावं.

पाण्यात उतरायचं कसं, यासाठी अमेरिकेतल्या नियमांचा नमुना पत्राला जोडता येतो. ते नियम तिथले आहेत, आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण मोजमापं तयार मिळतात. तिथे तलावाच्या भिंतींची एकूण लांबी ३०० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ९१ मीटरपेक्षा जास्त असेल तर पाण्यात उतरायच्या दोन सुलभ वाटा लागतात आणि त्यातली एक लिफ्ट किंवा उतार असावीच लागते. लहान तलावाला एक वाट पुरते, तीही लिफ्ट किंवा उतार. २५ बाय साडेबारा मीटरचा तलाव घेतला तर घेर ७५ मीटर, म्हणजे एक वाट. लिफ्टला किमान १३६ किलो वजन पेलता यायला हवं. स्पाला लिफ्टऐवजी ४१ ते ४८ सेंटिमीटर उंचीचा कट्टा आणि पकडायला दांडा चालतो: व्हीलचेअरवरून कट्ट्यावर सरकायचं, पाय फिरवायचे, पाण्यात उतरायचं. गवंड्याला हे दोन दिवसांचं काम आहे.

पत्र नागरी सुविधा केंद्रात किंवा आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीच्या टपालानं पाठवा. लिफ्टसाठी पैसे नाहीत असं उत्तर आलं, तर महापालिकांना दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, याची आठवण करून द्या. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी वाशीच्या महापालिका ईटीसी केंद्रात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात, आधी चौकशी करावी. तिथली माणसं रोज याच कामात असतात, फेऱ्या वाचतात.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

महिनाभरात काही कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, आणि तलावाच्या इमारतीचं सुगम्यता परीक्षण (दिव्यांगांना ती वापरता येते का याची तपासणी) झालं असल्यास त्याची प्रत, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खाजगी क्लबला हा मार्ग नाही. पण त्यांच्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागात असतं, ते मागता येतं. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी देऊ नये आणि भोगवटा प्रमाणपत्रही देऊ नये. त्यामुळे नव्या क्लबाबाबत हा कागद फार उपयोगी पडतो.

त्यानंतर तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात. वकील लागत नाही. साध्या अर्जात घडलेलं तारखेनिशी लिहा. सोबत शिक्क्याची प्रत, आलेलं उत्तर, पायऱ्यांचे आणि काठाचे फोटो, कार्डाची प्रत. माणसांना बोलावणं, कागद मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणंही त्याच मुदतीत द्यावी लागतात आणि ती तुम्हालाही कळवावी लागतात. कायद्याच्या उल्लंघनाला कलम ८९ खाली पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख.

‘हे नियम फक्त मार्गदर्शक आहेत’ असं कोणी म्हणालं, तर सर्वोच्च न्यायालयाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी प्रकरणातला निकाल जोडा. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशीसारखे ठेवणारा, या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत आहे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं आणि बंधनकारक निकष करायला केंद्राला तीन महिने दिले.

मुलांना सुट्ट्या लागल्या की तलावावर पाय ठेवायला जागा नसते आणि तेव्हा कोणी पत्र वाचत नाही. आमचं दुसरं पत्र आम्ही डिसेंबरमध्ये दिलं होतं. तुम्हीही थंडीतच द्या.